मजुराच्या श्वासाचा हिशेब

धानाची मळणी आटोपली की धानोरा आणि गडचिरोली जिल्ह्यातील अन्य तालुक्यांतून मजुरांचे जथे मिरची तोडण्यासाठी तेलंगणाकडे निघतात. या मजुरीवर अनेक घरांची वर्षाची मीठमिरची अवलंबून असते. परंतु मिरची हे कीटकनाशकांचा भरपूर मारा होणारे पीक आहे. रानात कोणते औषध फवारले आणि केव्हा फवारले, हे तोडणाऱ्या हातांना कोणी सांगते काय?

या दुर्लक्षाची किंमत विदर्भाने मोजलेली आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. विष केवळ पोटातूनच भिनते, हा समज घातक आहे. ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील औषधे त्वचेतून आणि श्वासावाटे शरीरात शिरतात व कोलिनएस्टरेज हे मज्जासंस्थेला आवश्यक असे विकर निकामी करतात. रक्तातील त्याची घट तपासणीत कळू शकते. माणूस कोसळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

1971 च्या कीटकनाशक नियमांत वैद्यकीय तपासणीची आणि संरक्षक पोशाखाची तरतूद झाली. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 साली, कारखान्यातील कामगाराला धोक्याची माहिती मिळविण्याचा हक्क लाभला. पण कारखान्याच्या भिंतीआड जे विष, तेच रानात उघड्यावर. तेथील मजुराला मात्र हा हक्क सांगायला कोणी नाही.

मुखवटा वाटला की कर्तव्य संपले, असे मानणे चूक आहे. विदर्भाच्या उकाड्यात तो तासभरही तोंडावर टिकत नाही. तो शेवटचा उपाय होय. आधी अतिजहाल औषध टाळावे, ते शक्य नसेल तर सौम्य निवडावे. फवारणीनंतर ठरावीक काळ रानात मजूर घालू नये. डब्यावरील लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या खुणेचा अर्थ मजुराला त्याच्या गोंडी बोलीत समजावून द्यावा.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवून आपल्या जंगलाचा कारभार हाती घेतला. बांबूचा हिशेब ठेवू शकणाऱ्या ग्रामसभांना, कोण मजूर कोणत्या मुकादमाबरोबर कोठे गेला, याचीही नोंद ठेवता येईल. आरोग्य केंद्राने जाताना व परतल्यावर त्यांची तपासणी करावी. मजुरीचा हिशेब मुकादम ठेवतो. श्वासाचा हिशेब शासनाने आणि गावाने मिळून ठेवला पाहिजे.