कप मोजणाऱ्यांनो, पोरंही मोजा!

आज आठवण कमी आणि भांडण जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो.

दिवाळीत भाचा आला होता. लेक्सिंग्टनला असतो, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात. शिकायला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. सकाळी ओट्यावर पोहे-जिलबी चालू होती, आणि स्वारी सुरू झाली ती थेट त्यांच्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल कोचवर. "मामा, कॅलिपारी गेला ते बरंच झालं. पंधरा वर्षांत एक कप! केंटकीला हे शोभतं का?"

आता तुम्ही म्हणाल, इंदूरच्या ओट्यावर केंटकीचा कोच कशाला? पण मंडळी, लेक्सिंग्टनला बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडे गणपती असतो तसं आहे. कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला वीस हजारांवर माणूस जमतो. त्या हॉलला नाव कोणाचं? ॲडॉल्फ रप या जुन्या कोचचं. चाळीसच्या वर हंगाम आणि चार राष्ट्रीय विजेतेपदं. एकूण आठ विजेतेपदं त्या विद्यापीठाच्या नावावर आहेत. म्हणजे अपेक्षांचं ओझं केवढं, बघा.

भाच्याची बाजू आधी मांडतो, अगदी इमानदारीने. जॉन कॅलिपारी २००९ मध्ये आले. २०१२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. २०१५ मध्ये सलग ३८ मॅच जिंकून उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून हरले. तिथपर्यंत सगळे खूश. पण २०२०-२१ च्या हंगामात ९ विजय आणि १६ पराभव. २०२२ मध्ये सेंट पीटर्स नावाच्या छोट्याशा कॉलेजने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं, २०२४ मध्ये ओकलंडने तेच केलं. २०१९ नंतरच्या पाच वर्षांत राष्ट्रीय स्पर्धेत जिंकलेली मॅच फक्त एक. आणि पगार वर्षाला ८० लाख डॉलरच्या वर! माणूस चिडणारच. एवढे पैसे घेतल्यावर प्रश्न ऐकून घ्यावेच लागतात, हे मलाही मान्य आहे.

मग माझं भांडण कशाशी? त्या "एक कप" शी.

ती स्पर्धा कशी असते ते बघा. ६८ संघ. एकदा हरलात की बाहेर, दुसरी संधी नाही. विजेतेपदाला ओळीने सहा मॅच जिंकायच्या. समजा तुमचा संघ इतका भारी आहे की कोणाशीही खेळला तरी पाचातल्या चार मॅच जिंकतो. तरी ओळीने सहा जिंकायची शक्यता किती? हिशेब करून बघा, जेमतेम २६ टक्के. दहातल्या नऊ जिंकणारा संघ घेतला तरी ५३ टक्के. म्हणजे उत्तमातला उत्तम संघही निम्म्या वेळा रिकाम्या हाताने परत येणार. आणि आपण दर मार्चमध्ये म्हणणार, "यंदा पण नाही? काढा याला!"

कॅलिपारींच्याही आधीची गोष्ट. टबी स्मिथ म्हणून कोच होते. १९९८ मध्ये, पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवलं. एकूण दहा हंगामांत २६३ मॅच जिंकल्या, ८३ हरल्या. तर गावाने नाव काय ठेवलं? "टेन लॉस टबी", म्हणजे दर वर्षी दहा मॅच हरणारा. शेवटी २००७ मध्ये तो भला माणूस दुसरीकडे निघून गेला. त्यांच्या जागी ज्यांना आणलं ते दोन वर्षांत गेले. टबींच्या चुका मोजणाऱ्यांनी नंतर काय मोजलं असेल, कोण जाणे.

आणि आणखी तीन नावं सांगतो. यूसीएलएचे जॉन वुडन, बारा वर्षांत दहा विजेतेपदं. पण पहिलं मिळालं सोळाव्या हंगामात! नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांचा पुतळा १९६५ मध्ये त्यांच्याच विद्यार्थ्यांनी फासावर लटकवला होता. त्यांना पहिलं विजेतेपद १९८२ मध्ये मिळालं. ड्यूकचे माइक शेशेव्स्की, ज्यांना सगळे "कोच के" म्हणतात, १९८० मध्ये आले. दुसऱ्या वर्षी १० विजय आणि १७ पराभव, तिसऱ्या वर्षी ११ आणि १७. देणगीदार म्हणत होते, हाकला. विद्यापीठाने ठेवलं. पुढे पाच विजेतेपदं.

भाचा हुशार आहे. लगेच म्हणाला, "मामा, प्रत्येक हरणारा कोच वुडन नसतो." अगदी बरोबर! कितीतरी नुसते हरतात आणि हरतच राहतात. म्हणून तर विचारतो, हरणारा कोच चांगला की वाईट हे कपावरून कळतच नसेल, तर बघायचं काय?

पोरं बघायची. अँथनी डेव्हिस, डेव्हिन बुकर, शे गिल्जस-अलेक्झांडर, सगळे कॅलिपारींच्या हाताखालून गेलेले. यातली बरीच पोरं एकच वर्ष कॉलेजात खेळून व्यावसायिक लीगमध्ये जातात, म्हणजे कोचला दर वर्षी नवा डाव मांडायचा. चाहते म्हणतात, "पोरं मोठी झाली, आम्हाला काय मिळालं?" हाच तो प्रश्न. कॉलेजचा कोच कोणासाठी असतो? गॅलरीत बसणाऱ्यांसाठी की कोर्टवर पळणाऱ्यांसाठी?

आता खरं कारण सांगतो, एवढं पोटतिडकीने का बोलतोय त्याचं.

१९८४ साल. मी इथल्याच एका कॉलेजात होतो, नाव सांगत नाही. सिमेंटचं कोर्ट, एक रिंग वाकडी. आमचे सर पतियाळाला शिकून आलेले. पहाटे साडेपाचला यायचे, स्वतः खडूने रेघा मारायचे. महिनाभर नुसतं डाव्या हाताने ले-अप. आम्ही वैतागायचो. "सर, मॅच कधी खेळायची?" सर म्हणायचे, "डावा हात शिकला की." त्यांना नेमलं तेव्हा प्रिन्सिपॉलसाहेबांनी सांगितलं होतं, पोरांना शिस्त लावा, सिगारेटी सोडवा. ते सरांनी केलं. दोन वर्षं आंतरमहाविद्यालयीन फायनल हरलो, तिसऱ्या वर्षी सेमीफायनल दोन पॉइंटने गेली.

झालं. कँटीनमध्ये चर्चा, "भिया, या सरांच्याने काही होऊन नाही राहिलं." कोणीतरी अर्ज लिहिला, कोच बदला. ४१ सह्या. सातवी माझी.

माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. ती सेमीफायनल मी दोन फ्री थ्रो चुकलो म्हणून गेली होती, आणि दोष ठेवायला माणूस हवा होता. शिस्तीसाठी आणलेल्या माणसाला कपासाठी काढलं. माप आधी एक सांगितलं, लावलं दुसरंच. पुढच्या सरांनीही मी होतो तोवर कप आणला नाही, पण तेव्हा अर्ज कोणी लिहिला नाही. दमलो होतो आम्ही.

बऱ्याच वर्षांनी रामबागेत एका मुंजीत सर भेटले. मी नमस्कार केला. म्हणाले, "डावा हात चालतो का रे अजून?" अर्जाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. आता काढायला ते नाहीत.

आपल्या इंदूरला तर हे कळायलाच हवं. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, शेवटचा १९५२-५३ मध्ये. त्यानंतर आपण किती वर्षं थांबलो? चंद्रकांत पंडित कर्णधार असताना १९९८-९९ मध्ये बंगळुरूला कर्नाटकाकडून फायनल हरले. त्याच मैदानावर २०२२ मध्ये, कोच म्हणून, त्यांच्याच संघाने मुंबईला हरवलं. आपला रजत पाटीदार त्यात शतक ठोकून गेला. त्या दिवशी सगळे म्हणाले, गुरू असावा तर असा. बरोबरच आहे! पण तो दिवस हरले असते तर? तीच शिस्त, तीच मेहनत, आणि आपणच म्हटलं असतं, "फार कडक आहे हो, पोरं दबून जातात."

म्हणून माझं म्हणणं एवढंच. प्रश्न जरूर विचारा. पगार मोठा असेल तर मोठ्याने विचारा. पण कोचला नेमतानाच सांगा, तुमच्याकडून काय हवं आहे. आणि मोजताना तेच माप लावा. सरावाला किती पोरं टिकली, किती सुधारली, किती परत येऊन भेटतात, हेही मोजा. पुतळे टांगणं, नावं ठेवणं, गुपचूप अर्ज लिहिणं, याला अपेक्षा म्हणत नाहीत.

आणि हे फक्त खेळाचं नाही बरं का. आपल्या मंडळाचे नाटक बसवणारे काका, गाण्याच्या क्लासच्या ताई, सगळ्यांना आपण "यंदा नंबर नाही आला" एवढ्याच मापाने मोजतो.

भाच्याला पटलं की नाही, माहीत नाही. जाताना म्हणाला, "मामा, तरी ओकलंडकडून हरायला नको होतं." मी म्हटलं, "नकोच होतं रे. मी पण ते दोन फ्री थ्रो चुकायला नको होते."

तुमच्याही आयुष्यात असे सर, अशा बाई असतील. असतील तर आजच भेटून या.