हिरव्या पाण्याचा अर्थ

भिलाईचा हिमनद्यांशी काही संबंध असेल, असे सकृद्दर्शनी कोणास वाटणार नाही. पोलाद कारखान्यास पाणी पुरविणारे तांदुळा धरण पावसावर भरते. दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ नदीही पावसाचीच. तरीही हिमालयातील ओढ्यांत आज जो बदल घडत आहे, त्याचा विचार या उष्ण मुलखात होणे अगत्याचे आहे. कारण पाण्याचा हिरवेपणा कसा वाचावा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

हिमनदी सरकताना खालचा खडक जात्याप्रमाणे दळत जाते. ते बारीक पीठ वितळलेल्या पाण्यात मिसळते आणि उन्हाळ्यात ओढा दुधट, राखी रंगाचा होतो. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही, पाणी बर्फाइतके थंड असते आणि लोंढ्यात दगड एकमेकांवर घासले जातात. अशा ठिकाणी शैवालास तग धरणे कठीण. म्हणून मैदानात जो ऋतू शैवालाच्या सुगीचा, तोच तेथे त्याच्या दुष्काळाचा असतो. वितळण सुरू होण्यापूर्वी वसंतात आणि ती मंदावल्यावर शरदात पाणी काही आठवडे निवळते. तेवढ्या अवधीत करंडक वनस्पती, म्हणजेच डायटम, आणि हायड्रूरससारखी थंडीला सरावलेली शैवाले दगडांवर पसरतात. ओढ्यातील कीटकांच्या अळ्यांचा निर्वाह बव्हंशी त्यांवरच होतो.

हिमनदी आक्रसू लागली की प्रथम पाणी वाढते; पुढे मात्र ते कायमचे घटते. गाळ कमी होतो, प्रवाह स्थिरावतो, पाणी किंचित ऊबदार होते आणि ओढा हिरवा होऊ लागतो. जगातील अनेक पर्वतांत हे घडत असल्याचे संशोधकांना आढळले आहे. ओसाड पाण्यात जीवन आले, याचा आनंद मानावा असे कोणी म्हणेल. परंतु हा आनंद उथळ आहे. थंड व गढूळ पाण्यातच टिकणाऱ्या जाती त्यामुळे निराश्रित होतात. शिवाय ही हिरवळ उगमाशी साठलेले बर्फ सरत आल्याची खूण आहे. ठेव मोडून केलेल्या खर्चास कोणी सुबत्ता म्हणत नाही.

उलट मैदानातील तळे हिरवे होते, ते निराळ्या कारणाने. सांडपाणी व शेतातील खते यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात. साचलेले पाणी व कडक ऊन यांची त्यांना जोड मिळते आणि नील-हरित शैवालांची साय धरते. त्यांतील काही जाती विषारी द्रव्ये निर्माण करतात. दाट वाढ झाली की रात्री पाण्यातील प्राणवायू घटून मासेही मरतात. रंग एकच, रोग मात्र दोन. तळ्याचा इलाज गावातच आहे: सांडपाणी शुद्ध केल्यावाचून सोडू नये. हिमालयातील ओढ्याचा इलाज मात्र त्याच्या काठी नाही.

तो अंशतः भिलाईसारख्या ठिकाणी आहे. येथील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टीत कोकमधील कार्बन लोहखनिजातील ऑक्सिजन ओढून घेतो आणि अखेर कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो. तो वायू भिलाईवरच थांबत नाही. साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळून तिची उष्णता वाढवितो. भिलाईच्या रुळांवर देशाची रेल्वे धावते, तेव्हा कारखान्यास गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे होईल. मात्र पोलादाच्या हिशेबात हा खर्चही मांडला पाहिजे.

त्याचबरोबर एक साधे काम छत्तीसगड व विदर्भातील वनस्पतिशास्त्र विभागांनी हाती घ्यावे. जवळच्या नदी-तलावांतील शैवालांची ऋतुवार नोंद वर्षानुवर्षे ठेवावी. प्रा. एच. पी. गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर-पन्हाळा परिसरातील पाण्यांतल्या डायटमची नोंद केली. अशा जुन्या नोंदींमुळेच आजच्या पाण्याशी तुलना शक्य होते. जेथे पूर्वीची नोंदच नाही, तेथे पाणी हिरवे झाले की हिरवेच होते, हेही सांगता येत नाही. हिमालयातील लहान ओढ्यांबाबत तर ही निकड अधिक. तेथील बर्फ अभ्यासकांसाठी थांबणार नाही.