देवीला अफवा कोणी केले?

1922 साली पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली सलाबाई ही देवी डांग ओलांडून सुरतेकडे आणि पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या नंदुरबारच्या अंगाला पोचली. मांडवाखाली बसलेल्यांच्या अंगात येऊन ती हुकूम द्यायची: दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्यांकडे कामाला जाऊ नका. हजारोंनी ते पाळले.

आपल्याकडचे जाणकार यावर दोन उत्तरे देतात. देवी निमित्त, खरा कर्ता गांधी. किंवा देवी पांघरूण, आत दारूच्या मक्तेदारांवरचा राग.

पहिले उत्तर तारखांपुढे टिकत नाही. गांधी मार्चपासून तुरुंगात होते. खादी आणि गांधींच्या नावाच्या शपथा देवीच्या हुकमांत मागाहून मिसळल्या; इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांच्या 1987 च्या ग्रंथातून हा क्रम स्पष्ट दिसतो.

दुसऱ्यात तथ्य आहे, म्हणूनच ते जास्त फसवे. 1878 च्या अबकारी कायद्याने घरची मोहाची दारू गुन्हा ठरली, गुत्ते मक्तेदारांच्या हाती गेले, हे खरेच. पण ही पिळवणूक 40 वर्षे चालली होती. गावेच्या गावे 1922 च्याच हिवाळ्यात का उठली, याचा उलगडा कायद्याने होत नाही. लोक स्वतः कारण सांगत होते. ते कोणी टिपायचे?

कोण काय म्हणाले हे टिपण्याच्या बाबतीत ग्रीक महाकवी होमर फार काटेकोर. इलियडच्या पंधराव्या सर्गात ग्रीक धनुर्धर तेउक्रोसच्या धनुष्याची दोरी तुटते. ती झ्यूसने तोडली, हे निवेदक सांगतो. तेउक्रोसला कुणीतरी दैवत आडवे आलेले दिसते, त्याचा भाऊ आयास नुसता ‘देव’ म्हणतो. शत्रूपक्षाचा हेक्टर मात्र बेधडक झ्यूसचे नाव घेतो. फायदा त्याचाच आहे ना! ओडिसीत देवांचा संवाद सांगताना खुद्द ओडिसियस खुलासा करतो की हे कॅलिप्सोकडून कळले आणि तिला हर्मीसकडून. निवेदकाचे आणि माणसांचे बोलणे असे वेगळे असते, हे ओव्ह यॉर्गेनसेन या डॅनिश अभ्यासकाने 1904 मध्ये दाखवले.

आपण उलटेच केले. मांडवातल्या माणसांनी देवीचे नाव घेतले, आणि निवेदकांनी ते पुसून ‘अफवा’ लिहिले. कोण काय म्हणाले, ही नोंदच त्यात बुडाली. नंदुरबारच्या पाड्यांवर लिहिणाऱ्यांना म्हणून एवढेच सांगणे: अबकारी कायदा तुमच्या तोंडाने सांगा, देवी त्यांच्या तोंडाने येऊ द्या.