लेनीचे हात

जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकातील बच्चू अनेक वाचकांना आठवत असेल. शरीराने वयात आलेला, बुद्धीने मात्र बालच राहिलेला मुलगा आणि त्याच्या काळजीने झिजणारे आईवडील. अतुल परचुरे यांचा बच्चू आणि दिलीप प्रभावळकर यांनी उभा केलेला त्याचा पिता ज्यांनी पाहिला, ते विसरू शकत नाहीत. (पुढे १९९१च्या ‘चौकट राजा’ चित्रपटात प्रभावळकरच मतिमंद नंदू झाले!)

या बच्चूचा एक थोरला भाऊ अमेरिकन साहित्यात आहे. जॉन स्टाइनबेक यांच्या ‘ऑफ माइस अँड मेन’ या १९३७च्या कादंबरीतील लेनी हा कॅलिफोर्नियातील मळ्यांवर राबणारा धिप्पाड मजूर आहे. सांगितलेले काम तो दोघातिघांच्या ताकदीने करतो. पण त्याला सांभाळणारा जॉर्ज सोडला तर जगात त्याचे कोणी नाही. मऊ वस्तू कुरवाळणे हा त्याचा एकमेव आनंद. शेवटी त्याच्या हातून एका तरुणीचा जीव जातो.

पुष्कळ वाचक येथे चुकतात असे मला वाटते. बौद्धिक अक्षमता म्हणजे हिंसकपणा नव्हे. कादंबरी लक्षपूर्वक वाचावी. आधीच्या गावात लेनी एका मुलीच्या लाल झग्याला केवळ हात लावतो. ती किंचाळते, तो घाबरतो, आणि घाबरल्यामुळे पकड अधिकच घट्ट करतो. मालकाच्या मुलाचा हात चिरडला जातो तेव्हाही तो भयाने मूठ सोडत नाही. अखेरच्या प्रसंगात ती स्त्रीच त्याला आपले केस कुरवाळू देते, मग ओरडते, आणि पुन्हा तेच घडते. तिन्ही वेळा कारण एकच आहे: भीती वाटली की हात सोडायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेले नाही. ‘तोंड उघडू नकोस, कुणाच्या वाटेला जाऊ नकोस’ असे जॉर्ज बजावतो. ही ताकीद झाली, शिकवण नव्हे.

अशी मुले शिकतच नाहीत, हा समजही ही कादंबरी खोडून काढते. आपल्या जागेची, तेथे पाळायच्या सशांची गोष्ट लेनीला तोंडपाठ आहे. कारण ती प्रेमाने, शंभरदा सांगितलेली आहे. दात घासणे, कपडे बदलताना दार लावणे, परक्या व्यक्तीपासून हातभर अंतर राखणे, हे सारे याच रीतीने शिकवता येते. वयात येण्यापूर्वीच आरंभ करावा. शरीरातील बदल यांनाही वेळेवरच गाठतात.

नांदेड-लातूरकडील खेड्यांतून फिटच्या गोळ्या नेण्यासाठी येणारे पालक पंचविशीच्या मुलाला बाकावर बसवून हळूच विचारतात, “डॉक्टरसाहेब, आमच्या माघारी याचं कसं?” कुणी सुचवलेले असते, ‘लग्न करून द्या, शहाणा होईल.’ असा सल्ला देणाऱ्याला मी स्पष्ट सांगतो की, हा उपचार नाही. यात आणखी एका मुलीचे आयुष्य पणाला लागते.

जॉर्जपाशीही त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मागावर निघालेल्या जमावाच्या हाती लागू नये म्हणून तो स्वतःच लेनीवर गोळी झाडतो. त्याच्यावाचून लेनीला दुसरा पालकच नव्हता.

आपल्याकडे निदान कायदा आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो; त्यात विश्वासातील भावंडाचे वा नातलगाचे नाव सुचवता येते. ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षणही मिळते. मुलाचे अपंगत्व प्रमाणपत्र काढलेले नसेल तर आधी ते काढावे, आणि अर्ज दोघे हिंडतेफिरते असतानाच करावा.