वाचनालयातले थकीत खाते

मी बँकेतला कारकून. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की ते खाते अनुत्पादित, एवढे अर्थशास्त्र मला झोपेतही येते. परवा वाचनालयाच्या वार्षिक सभेत तेच माझ्यावर उलटले.

चिटणीस म्हणाले, "कादंबऱ्यांची कपाटे वर्षभर हलत नाहीत. ती माळ्यावर टाकू आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी वीस खुर्च्या मांडू. खुर्ची भाडे देते, कादंबरी काय देते? सांगा की बँकवाले!"

मी मान डोलावणार, तोच कपाटावरचे कुलूप दिसले. त्याची किल्ली चिटणिसांच्या घरी. मे महिन्यात ते चारधामला गेले, तेव्हा किल्लीनेही यात्रा केली! म्हणजे काउंटर बंद ठेवायचे आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून शाखाच गुंडाळायची. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच असा की पुस्तके वापरायला असतात. आमच्याकडे ती राखायला असतात.

अभ्यासिकेला माझा विरोध नाही. दोन खोल्यांत सहा माणसे आणि एक टीव्ही असलेल्या घरातल्या पोराला शांत खुर्ची म्हणजे अर्धी नोकरीच. पण त्याच पोराने पुस्तक मागितले तर आपण म्हणतो, "तू अभ्यासिकेचा, वाचनालयाचा नाहीस." चालत दाराशी आलेला वाचक आपणच परत पाठवतो आणि वर वाचनसंस्कृतीच्या नावाने गळा काढतो!

सरकारलाही सोडत नाही. १९६७ च्या कायद्याने अनुदान आले, अ-ब-क-ड वर्ग आले. पण २०१२ साली वाढलेले अनुदान पुढे वाढायला २०२२ उजाडले. आमच्या ग्रंथपालबाईंचा पगार सांगायची मला लाज वाटते. आणि आपण सभासद? वर्गणी दहा रुपयांनी वाढवा म्हटले की सभा उधळतो, आणि सिनेमाला गेलो की मध्यंतरात तीनशेच्या लाह्या निमूट खातो.

मी उठून ठराव मांडला: कुलपे काढा, अभ्यासिकेच्या भाड्यातच मुलांना पुस्तके द्या, आणि वर्गणी वाढवून तो पैसा बाईंच्या पगारात घाला.

टाळ्या पडल्या. चिटणीस शांतपणे रजिस्टर उघडून थकबाकीदारांची यादी वाचू लागले. पहिलेच नाव अस्मादिकांचे. एक कादंबरी, सात महिने.

बँकेच्या हिशेबाने मीच अनुत्पादित! पण मंडळी, निदान ती एक कादंबरी तरी हलली होती.