थेंबाएवढं घर, गाडीच्या मागे

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात शहाडच्या एका भगिनींचं पत्र आहे. यजमान नुकतेच निवृत्त झाले आहेत. हाताला स्वस्थता नाही आणि आता त्यांच्या मनाने घेतलं आहे की प्लायवूडचा छोटा ट्रेलर घरीच बांधायचा, गाडीमागे जोडायचा आणि माळशेजला मुक्कामाला जायचं. फंडाचे पैसे यात घालू द्यावेत का, असं त्या विचारतात. नाही म्हणावं तर घरात अबोला, हो म्हणावं तर झोप उडते!

अशा ट्रेलरची चाल अमेरिकेत १९३० च्या दशकात सुरू झाली. बाजूने पाहिलं तर आकार पाण्याच्या थेंबासारखा, पुढे फुगीर आणि मागे निमुळता. आत दोघांपुरती गादी, उभं राहायला जागा नाही. मागचं झाकण वर उचललं की खाली स्वयंपाकाचा ओटा! लांबी साधारण ८ फूट, रुंदी नि उंची ४ फूट. ही मापं ओळखीची वाटतात ना? प्लायवूडचा अख्खा तक्ता ८ बाय ४ चाच असतो. एका तक्त्यात एक बाजू निघते. शहाडहून उल्हासनगरचा फर्निचर बाजार हाकेच्या अंतरावर, त्यामुळे लाकूडकामाची अडचण नाही. (तिकडे कँप म्हटलं की तंबू नव्हे, कँप नंबर १ ते ५ आठवतात, ही गोष्ट वेगळी.)

प्लाय घेताना मात्र शिक्का पाहा. आयएस ३०३ चा साधा प्लाय घरातल्या कपाटाला ठीक. आपल्याकडच्या पावसात त्याचे पापुद्रे सुटतात. बाहेर राहणाऱ्या वस्तूला आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लाय लागतो. तो महाग पडतो, पण इथे काटकसर करू नये. कापलेल्या कडा रंगाने किंवा रोगणाने नीट बंद करून घ्या, पाणी तिथूनच शिरतं.

आता खरी अडचण. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे नोंदणीशिवाय तो सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. घरी ठोकून केला आणि निघालो, असं चालत नाही बरं का! नमुना तपासून घेण्याचा प्रश्न येतो, आणि तसं काम पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. तेव्हा पहिला तक्ता विकत घेण्याआधी यजमानांनी कल्याणच्या आरटीओत जाऊन विचारावं आणि उत्तर लेखी मागावं. शिवाय गाडीसोबत मिळालेली पुस्तिका काढून वाचावी. ती गाडी ट्रेलर ओढू शकते का, ओढत असेल तर किती वजनाचा, हे त्यात पाहायचं. लहान गाडीला हे ओझं झेपेलच असं नाही, आणि माळशेजचा चढ काही शहाडच्या पुलाएवढा नाही.

वजनाची एक गोष्ट आपणच ध्यानात ठेवायची, कारण सामान भरतो आपण. ओटा मागे असतो, म्हणून पाण्याचा कॅन, तांदळाचा डबा, सिलिंडर सगळं मागेच रचावंसं वाटतं. तसं केलं की ट्रेलरचं तोंड वर उचलतं आणि वेगात तो शेपटीसारखा डावी-उजवी हेलकावे घेतो. गाडीही त्याच्याबरोबर जाते. एकूण वजनाचा दहावा भाग तरी पुढच्या जोडावर पडायला हवा. जड वस्तू चाकांच्या किंचित पुढे, तळाशी आणि घट्ट बांधलेल्या. मागे फक्त मसाल्याचे डबे, चहासाखर, ताटवाट्या.

आणि रात्री थंडी वाजली तरी आत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवायचा नाही. बंद पेटीत कोळसा नीट जळत नाही, विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत बसतो. म्हणून सिलिंडर झोपायच्या भागात नको, आणि तो ठेवाल तिथे तळाशी झरोका हवाच. झोपायच्या भागात दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या हव्यात. दोघांच्या श्वासाने गादीसुद्धा ओलसर होते.

ओट्याची उंची कोण ठरवणार? सुतार आणि यजमान आपल्या उंचीने ठरवतील, काम मात्र तुम्ही करणार. हात कोपरात वाकवून उभ्या राहा, कोपराच्या ३-४ बोटं खाली ओटा आला की पाठ दुखत नाही. या ट्रेलरमध्ये शौचालय नसतं, हेही आधीच बोलून घ्या. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा गाड्यांसाठी थांबे करण्याची कल्पना आहे. पण आपण मुक्काम ठरवताना पाणी, दिवा आणि न्हाणीघर कुठे आहे हे फोन करून विचारूनच निघायचं. रस्त्याच्या कडेला, घाटात तर मुळीच नाही.

माझं मत विचाराल तर फंडाला आज हात लावू नका. आधी त्यातला ओटाच बांधायला सांगा. गाडीच्या डिकीत बसेल अशी प्लायची पेटी, पुढची फळी खाली पाडली की पोळपाट ठेवता येईल अशी, आत डब्यांचे कप्पे, बाजूला स्टोव्हची जागा. एका तक्त्यात भागतं, कामाची हौस फिटते, आणि काढता-घालता येणारी पेटी म्हणजे सामानच, तिला नोंदणी लागत नाही. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांच्या ट्रकमधून शिधा आणि भांडी अशीच जातात, आणि शेकडो माणसांचा स्वयंपाक उघड्यावर उरकतो.

ही पेटी घेऊन डिसेंबर-जानेवारीत एक रात्र माळशेजला पर्यटन महामंडळाच्या निवासात काढा. कल्याणहून मुरबाडमार्गे ९० किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. पावसाळ्यात धुकं आणि दरडी, तेव्हा नको. मे महिन्यात लाकडी पेटीत झोपण्याचा विचारही नको. पेटीच्या फळीला आतून पत्रा ठोकून घ्या, फोडणी उडाली की प्लायला डाग पडतात आणि ते काही केल्या निघत नाहीत.