गावाची न्याहारी

शाळेच्या सहलीची बस पहाटे सुटली की तासाभरात डबे उघडू लागतात. खिमा-पराठे, आमलेट, शामी कबाब, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. तुमच्या अम्मींनी रात्री जागून केलेले हे पदार्थ उत्तम असतात आणि त्यांतला वाटा मलाही मिळतो. तेव्हा डब्यांविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण कोल्हापूरला किंवा नागपूरला असतो, तरी पिशवीतून तेच वाळलेले पराठे निघतात. ते संपले की बिस्किटे आणि वेफर्स. तिसऱ्या दिवशी आपण घरी परततो. किल्ला पाहिला, संग्रहालय पाहिले, छायाचित्रे काढली. पण त्या गावातील एकाही माणसाशी आपण चार वाक्ये बोललो नाही आणि तेथील लोक सकाळी उठून काय खातात, हेही आपल्याला कळले नाही.

म्हणून माझे मत असे आहे, की प्रवासातील निदान एक सकाळ त्या गावाच्या हवाली करावी. त्या दिवशी डबा बंद ठेवावा. तेथील लोक जे खातात ते, त्यांच्याच शेजारी बाकावर बसून खावे आणि ते मराठीत मागून घ्यावे.

हे मी मराठीची शिक्षिका म्हणून सांगत आहे. तुम्ही अनेक वर्षे मराठी शिकता. निबंध लिहिता, पत्रे लिहिता, गुणही चांगले मिळवता. परंतु घरात उर्दू, मोहल्ल्यात उर्दू आणि शाळेतही उर्दू. त्यामुळे अनोळखी माणसाशी मराठीत बोलण्याची वेळ तुमच्यावर फारशी येत नाही. दहावीची परीक्षा संपली की पुस्तकाबरोबर भाषाही कपाटात जाते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत, तहसील कार्यालयात किंवा सरकारी दवाखान्यात तिची गरज पडते, तेव्हा जीभ अडखळते. हॉटेलात मात्र भूक लागलेली असते, म्हणून बोलावेच लागते. तेथे चुकले तरी गुण कापले जात नाहीत. फार तर पोह्यांऐवजी उपमा येतो.

शिवाय ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. 'न्याहारी' हा शब्द घ्या. शेतकरी सकाळचे काम आटोपून बांधावर बसतो आणि भाकरी, चटणी, कांदा खातो, ती त्याची न्याहारी. आता आपल्या घरात काय म्हणतात ते आठवा. सकाळी काही न खाता औषध घ्यायचे असेल तर 'नहार मुँह' घ्या, असे सांगतात. रात्रभर मंद आचेवर शिजवून पहाटे खातात ती 'नहारी'. मराठीतील न्याहारी आणि दिल्लीची नहारी हा मुळात एकच शब्द आहे. फारसीतून तो दोन्हीकडे आला. एकीकडे तो भाकरीवर बसला, दुसरीकडे मांसाच्या देगेवर. 'नाश्ता' हा शब्दही फारसीच. तेव्हा कोल्हापूरच्या हॉटेलात शिरून "काका, नाश्त्याला काय आहे?" असे विचारताना निम्मे वाक्य तुम्ही घरूनच आणलेले असते.

आता मिसळीकडे पाहा. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर फरसाण, चिरलेला कांदा, लिंबू आणि तिखट रस्सा. नाव सरळ आहे: सगळे एकत्र मिसळले ती मिसळ. पण गाव बदलले की तिचे रूप बदलते. कोल्हापुरात ती झणझणीत असते आणि तिच्याबरोबर बऱ्याचदा ब्रेडचे काप येतात. पुण्यात तिच्यात पोहे मिसळलेले सापडतात. नाशिकला बशीत पापड आणि दहीही येते. आणखी रस्सा हवा असेल तर कोल्हापुरात 'कट' मागावा, पुण्यात 'सँपल' मागावे. नागपूरकडे असाच लाल तवंगाचा रस्सा म्हणजे 'तर्री'. ती काळ्या हरभऱ्यांसह पोह्यांवर ओततात आणि त्याला तर्री-पोहे म्हणतात. तर्री ऐकल्यावर आपल्याला सालनावरची 'तरी' आठवतेच.

नागपूरला गेलात तर आणखी एक गंमत पाहा. तेथे कोथिंबिरीला 'सांभार' म्हणतात. पुण्याचा माणूस सांबार म्हणाला की इडलीबरोबरची आमटी डोळ्यांसमोर येते. विदर्भातील आजी मात्र सांभार आणायला बाजारात पाठवते, तेव्हा हिरवी जुडी आणायची असते. तिकडची सांभारवडी कोथिंबिरीची असते. बटाटेवड्यासारख्या पदार्थाला तेथे 'आलूबोंडा' म्हणतात. पाठ्यपुस्तकात 'बटाटा' पाठ करताना कंटाळलेल्या माझ्या मुलांना तो शब्द ऐकून फार आनंद झाला होता. "टीचर, आपला आलू इथे मराठी आहे!" असे एकजण ओरडलाच. प्रमाण भाषा शाळेत शिकावी लागते, हे खरेच. पण मराठी एकाच साच्याची नाही, हे वर्गात मी दहा वेळा सांगितले तरी पटत नाही. तर्री-पोह्यांच्या एका बशीने ते पटते.

कोकणात गेलात तर सगळे तांदूळ आणि नारळ. मालवणकडे आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्यांचे सांबार मिळते. तांदळाच्या पिठाची जाळीदार घावणे मिळतात. फणसाच्या किंवा आंब्याच्या रसातील सांदणे कोकणी मुसलमानांच्या घरी होतात तशीच शेजारच्या हिंदू घरीही होतात. ती प्रथम कोणी केली, हे विचारत बसण्यापेक्षा आणखी एक मागावे.

आता तुमच्या घरून येणाऱ्या प्रश्नाकडे वळू. सहलीची परवानगी देताना पालक मला पहिला प्रश्न विचारतात तो हलालचा. हा प्रश्न योग्य आहे आणि तो विचारल्याबद्दल कोणाला ओशाळण्याचे कारण नाही. म्हणूनच मी जेवणाआधी न्याहारीची शिफारस करते. पोहे, उपमा, मिसळ, थालीपीठ, घावणे, साबुदाण्याची खिचडी हे पदार्थ धान्याचे, कडधान्याचे आणि कंदांचे. महाराष्ट्रातील गावोगावची सकाळ बहुतेक शाकाहारीच असते. मांसाहार असेल तेथे मात्र विचारावे. "दादा, मटण हलाल आहे का?" एवढे साधे वाक्य आहे. उत्तर होकारार्थी आले तर खावे, नकारार्थी आले तर आभार मानून डाळ-भात घ्यावा. आपल्या देशात असे प्रश्न विचारणारे आपण एकटे नाही. जैन ग्राहक कांदा-बटाट्याबद्दल विचारतो, उपवास करणारी बाई शेंगदाण्याच्या तेलाची चौकशी करते, कोणी लसूण नको म्हणतो. हॉटेलवाल्याला याची सवय असते. जुन्या गावगाड्यात तर बकरे कापण्याचे काम मुलाण्याकडे असे आणि गावातील हिंदू कुटुंबेही त्याच्याकडूनच ते करून घेत. काही घरांत तेल आणि भांडी यांबद्दलही अधिक काटेकोरपणा असतो. त्या मुलांनी केळी आणि चहा घ्यावा. पण बाकावर सर्वांबरोबर बसावे. बसमध्ये एकटे बसून राहू नये.

दुसरा प्रश्न आरोग्याचा. त्यावर माझा साधा नियम आहे. जेथे गावातील कामकरी लोकांची गर्दी आहे आणि कढईतून पदार्थ डोळ्यांदेखत निघतो आहे, तेथे गरम खावे. चिरून ठेवलेली फळे आणि उघडी चटणी टाळावी. पाणी आपल्या बाटलीतले प्यावे. हमरस्त्यावरच्या झगमगीत हॉटेलात सकाळपासून काचेच्या कपाटात पडलेल्या समोशापेक्षा बसस्थानकामागच्या गल्लीतले गरम पोहे मला अधिक भरवशाचे वाटतात.

तिसरी गोष्ट कोणी उघडपणे विचारत नाही, पण ती सर्वांच्या मनात असते: तेथे आपल्याला नीट वागवतील का? याचे उत्तर मी गोड करून सांगणार नाही. एका शहरात एका हॉटेलच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाने आमच्या मुलींचे बुरखे आणि मुलांच्या टोप्या पाहिल्या आणि "जागा नाही" असे सांगितले. आतली टेबले रिकामी दिसत होती. मुले गप्प झाली. आठवीतल्या एका मुलीने हळूच विचारले, "टीचर, आता बसमध्ये जायचे का?" आम्ही बसमध्ये गेलो नाही. त्याच रस्त्यावर पुढे एक बाई हातगाडीवर पोहे करीत होत्या. एवढी मुले पाहून त्या प्रथम घाबरल्या, कारण त्यांच्याजवळ तेवढे पोहे भिजवलेले नव्हते. मग त्यांनी मुलाला दुकानात पिटाळले आणि आमच्याच दोन मुलींना कांदे चिरायला बसवले. तासभर लागला. तेवढ्या वेळात त्या मुलींनी पोहे किती भिजवावे, हळद केव्हा घालावी, हे सगळे मराठीत विचारून घेतले. पहिल्या माणसाचे वागणे वाईटच होते आणि ते मी मुलांपुढे वाईट असेच म्हटले. पण त्याच्यामुळे साऱ्या गावाशी अबोला धरावा, हे मला पटत नाही. तसे केले असते तर त्या मावशी आम्हांला भेटल्याच नसत्या.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट सांगते. लहान गावांतील हॉटेलांत पुरुषांचीच गर्दी असते. बाया-मुलींसाठी कोठे पडद्याआड 'फॅमिली रूम' असते, कोठे तीही नसते. मुलींनी एकट्याने तेथे जावे, असे मी म्हणणार नाही. घरच्यांबरोबर किंवा शाळेबरोबर असताना मात्र मागे राहू नये. मागणी नोंदवण्याचे काम नेहमी मुलगेच करतात आणि मुली त्यांच्या कानात सांगतात, ही पद्धत मी आमच्या सहलीत बंद केली आहे. ज्याला जे हवे ते त्याने स्वतः मागायचे. कोल्हापुरात या नियमाचा एक फायदा मुलालाही झाला. माझ्या तासाला कधी तोंड न उघडणारा नववीतला एक विद्यार्थी हॉटेलच्या मालकांशी बोलत राहिला, आणि कट कमी तिखट करून मिळेल का, याची वाटाघाट साऱ्या वर्गाच्या वतीने करून आला. व्याकरण फारसे बरोबर नव्हते. कट मिळाला.

जेवणाच्या बाबतीत मला अधिक राग येतो तो हॉटेलांच्या यादीचा. शेकडो किलोमीटर प्रवास करावा आणि जेवायला बसल्यावर समोर काय यावे? पनीर बटर मसाला, तंदुरी रोटी आणि चायनीज नूडल्स. सगळीकडे तीच यादी, तोच लाल रंग. जळगावला हिवाळ्यात जाऊन हेच खाणाऱ्या माणसाला काय म्हणावे? तेथील भरताच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ही हिरवी, मोठी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, ठेचतात, त्यात हिरवी मिरची आणि लसूण घालतात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. मालेगावच्या आपल्या मुलांना जळगाव काही फार दूर नाही. पण 'कळणा' म्हणजे काय, असे वर्गात विचारले तर दोनच हात वर झाले. (ज्वारी आणि उडीद एकत्र दळले की कळण्याचे पीठ होते.)

आणि जरा उलट बाजूने पाहू. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, नान-खलियासाठी प्रसिद्ध आहे. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीहून राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर हा पदार्थ आला, असे तेथे सांगतात. बी.एड. करीत असताना आम्ही काही मैत्रिणी त्या शहरात गेलो होतो. आमच्यात एक साताऱ्याची मुलगी होती. तिने तंदूरजवळ उभे राहून त्या बुजुर्गांना अडखळत्या हिंदीत विचारले, "चाचा, ये नान पीली क्यूँ है?" त्यांचा चेहरा असा खुलला, की त्यांनी भट्टीवरचे काम थांबवून तिला सगळी कृती सांगितली. वर पैसे घ्यायलाही ते तयार नव्हते. रमजानमध्ये मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर फिरनी आणि मालपुवा खायला सर्व धर्मांचे लोक येतात, तेव्हा आपल्यालाही बरे वाटते. आपल्या दारी आलेल्याने आपली वाटी आवडीने चाटून पुसून खावी, असे आपल्याला वाटते. कोल्हापूरच्या मिसळवाल्यालाही तसेच वाटत असेल.

यंदा आमची सहल नागपूरला जाणार आहे. परवानगीपत्रात मी एक ओळ वाढवली आहे: 'दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा डबा देऊ नये.' त्याखाली तर्री-पोह्यांत काय काय असते, ते उर्दूत लिहिले आहे. आतापर्यंत निम्म्या पालकांच्या सह्या आल्या आहेत. एका अब्बांनी सही करून खाली विचारले आहे, की आम्हीही येऊ का? उरलेल्या पालकांना मी शनिवारी शाळेत बोलावले आहे.